इंग्रजी बोलताना जीभ का अडते?

पोळ्याचा सण तुम्हांला ठाऊक आहेच. नागपूरच्या दक्षिणेला असलेल्या हुडकेश्वर भागात किंवा त्यापुढच्या खेड्यांत काही घरांतून याच सणाचे नाव ‘पोया’ असे ऐकू येते. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो; डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’ होतो. घरी ‘पोया’ म्हणणारा मुलगा शाळेत बाईंसमोर उभा राहिला की ‘पोळा’ म्हणतो आणि बाजारात गेला की सरळ हिंदी बोलू लागतो. म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा तो आपल्या उच्चारांची ढब बदलतो आणि त्याचे त्याला काहीच वाटत नाही!

पण इंग्रजीच्या तासाला उभे राहून वाचायची वेळ आली की हाच मुलगा गप्प होतो. उच्चार चुकेल, वर्ग हसेल, ही भीती. उत्तर येत असूनही हात वर होत नाही. ही भीती घालवायची असेल, तर उच्चारांची ढब बनते कशी, हे आधी समजून घ्यायला हवे.

१९८४ साली कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी तान्ह्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना त्यांनी हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र थोड्यांनाच कळला. असे का व्हावे? इंग्रजीत या फरकाने अर्थ बदलत नाही. जो फरक कामाचा नाही, त्याच्याकडे लक्ष द्यायचे मेंदू सोडून देतो. म्हणून मोठेपणी इंग्रजी माणसाला ‘ताक’ आणि ‘टाक’ यांत गोंधळायला होते. आपली अडचणही याच जातीची आहे. तिचा बुद्धीशी काही संबंध नाही.

मराठी माणसाची इंग्रजी बोलण्याची ढब हा विषय शास्त्रीय अभ्यासाचाही झालेला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुढे अनेक वर्षे भाषाविज्ञान शिकवणारे अशोक केळकर यांनी १९५७ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात ‘मराठी इंग्लिश’ या नावाने यावर लेख लिहिला होता. या ढबीकडे हसण्याची गोष्ट म्हणून न पाहता तिच्यातले नियम शोधता येतात. त्यांतले काही नियम आपणही घरी तपासून पाहू.

प्रयोग पहिला : पातळ कागदाची एक पट्टी ओठांसमोर धरा. ‘ताट’ म्हणा, मग ‘थाट’ म्हणा. ‘थ’च्या वेळी पट्टी अधिक हलेल, कारण महाप्राण वर्णात श्वासाचा झोत असतो. आता ‘पेन’ म्हणा. आपल्या ‘प’ने पट्टी फारशी हलत नाही. इंग्रजी माणूस मात्र शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ यांना थोडा झोत देतो; ‘स्पिन’सारख्या शब्दात ‘स’नंतर तो देत नाही. आपले झोत नसलेले ‘पेन’ त्याच्या कानाला ‘बेन’ वाटू शकते, ते यामुळेच.

प्रयोग दुसरा : आरसा घ्या. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन. पहिल्या शब्दात ओठांचा चंबू होतो व दात ओठाला लागत नाहीत. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते. आपला ‘व’ या दोहोंच्या मधला, म्हणून आपल्या तोंडी दोन्ही शब्द एकच होतात.

प्रयोग तिसरा : ‘शिप’ म्हणजे जहाज, ‘शीप’ म्हणजे मेंढी. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने सहसा घोटाळा होत नाही. म्हणून तर शुद्धलेखनात इतके गुण जातात! इंग्रजीत मात्र जहाजाची मेंढी होते. शिवाय हा भेद केवळ लांबीचा नाही. ‘शीप’मध्ये जीभ अधिक वर जाते आणि ओठ ताणले जातात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : आघात. मराठीत आपण शब्दातल्या अक्षरांवर बऱ्यापैकी सारखा जोर देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर असतो. जोर चुकला, तर सगळे वर्ण बरोबर असूनही ऐकणारा गोंधळतो. म्हणून नवा शब्द शिकताना शब्दकोशातली आघाताची खूण जरूर पाहा.

मराठीने आपल्याला काही भांडवलही दिले आहे बरे! ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘सुखाने जग’ ही वाक्ये मोठ्याने म्हणा. दोन्ही ‘ज’ वेगळे आहेत. त्यामुळे ‘जू’ आणि ‘झू’ यांतला फरक मराठी मुलाच्या कानाला परका नाही.

मग सराव कसा करावा? आधी कानाचा, मग जिभेचा. जपानी लोकांना इंग्रजीतील ‘र’ व ‘ल’ वेगळे ऐकू येणे फार अवघड जाते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा प्रौढांना अनेकांच्या आवाजांत हे ध्वनी ऐकवून फक्त ओळखायला शिकवले. बोलण्याचा सराव दिलाच नव्हता, तरी त्यांचे उच्चारही सुधारले! मेंदूने सोडलेले लक्ष पुन्हा वळवता येते, ते असे. तुम्हीही मित्रांची जोडी करा. एकाने ‘वेस्ट-व्हेस्ट’, ‘शिप-शीप’ यांपैकी एक शब्द म्हणावा, दुसऱ्याने ओळखावा. मोबाइलवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. एका आठवड्यात एकच जोडी पुरे.

सगळी ढब पुसून टाकायची गरज आहे का? १९९५ साली मरे मन्रो आणि ट्रेसी डेर्विंग यांनी दाखवले, की बोलण्याची ढब ठळकपणे परकी असली, तरी ते बोलणे ऐकणाऱ्याला पूर्ण समजू शकते. म्हणजे ढब वेगळी असणे आणि बोलणे न समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या उच्चाराने अर्थ बदलतो, तो आधी सुधारावा, बाकीचे सावकाश.

शिक्षकांना एकच विनंती. वर्गात कोणी हसले, तर तिथल्या तिथे कागदाची पट्टी आणि आरसा काढा आणि हसणाऱ्यालाच पहिला प्रयोग करायला बोलवा. हशा थांबेल आणि गप्प बसलेला हात वर येईल.