माहिती राखण्याची वीस वर्षं

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव सोडून आळेफाट्याकडे निघालं की आमच्या भागातलं पिंपळवंडी लागतं. ऊस, टोमॅटो आणि बिबट्या यांमुळे जुन्नरचा हा पट्टा बातम्यांत असतो. नारायणगावच्या पूर्वेला खोडदच्या माळावर जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ साधारण एक किलोमीटरच्या परिसरात दाटीनं उभ्या आणि उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या फाट्यांवर, आसपासच्या गावांच्या शिवारांत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळांच्या गाड्या भरून मुलं तिथं येतात, मान वर करून तारांच्या जाळीच्या त्या तबकड्या पाहतात. त्या तबकड्यांनी टिपलेलं पुढं कशावर उतरतं, कुठं ठेवलं जातं आणि दहा वर्षांनी ते कुणाला वाचता येतं का, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. गेली वीसेक वर्षं मी ज्या कामात आहे, ते हेच काम. माझा डेटा आकाशातल्या ताऱ्यांचा नसून बँकांचा, कारखान्यांचा आणि विमा कंपन्यांचा होता, एवढाच फरक.

२००५च्या सुमाराला आमच्या भागातून पुण्यात आयटीत शिरणाऱ्या पोरांपुढं ठरलेल्या वाटा होत्या. जावा शिकून प्रोग्रामर व्हायचं, नाहीतर नेटवर्किंगची परीक्षा देऊन सपोर्टला लागायचं. स्टोरेज, म्हणजे माहितीची साठवणूक, हा विषय कुठल्याच क्लासच्या पाटीवर नसे. शिकायला यंत्र हवं, आणि ते यंत्र कपाटाएवढं, किंमत कोटींच्या घरात, ठेवायला थंडगार खोली. मॅन्युअलसुद्धा ज्यानं यंत्र विकत घेतलं त्यालाच उघडता येई. तसा पुण्याला हा धंदा परका नव्हता. व्हेरिटाससारख्या कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात साठवणुकीच्या सॉफ्टवेअरवर शेकडो इंजिनिअर काम करत होते. पण ती बनवणारी माणसं. चालवणाऱ्यांची शाळा वेगळी होती, आणि ती रात्रपाळीत भरायची.

त्या शाळेतला पहिला धडा म्हणजे गेलेली डिस्क बदलणं. ऐकायला अगदीच सोपं. कपाटाच्या पुढच्या बाजूला डिस्कच्या रांगा, प्रत्येकीवर हिरवा दिवा, एकीवर पिवळा. पिवळा दिवा दिसला म्हणून लगेच हात घालायचा नाही. आधी कन्सोलवर ती डिस्क कितव्या खणात आहे ते पाहायचं, कागदावर लिहायचं, जागेवर येऊन पुन्हा मोजायचं, दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यायचं. मग कडी दाबून डिस्क बोटभर बाहेर ओढायची आणि थांबायचं. आतल्या चकत्या अजून फिरत असतात. हाताला जाणवणारी ती थरथर विरली की पूर्ण बाहेर काढायची. आमचे सिनियर सांगायचे, ‘गेलेली डिस्क कुणाचं नुकसान करत नाही, चुकून ओढलेली चांगली डिस्क करते.’ हे वाक्य मी पुढं प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो.

दुसरा धडा झोनिंगचा. कुठल्या सर्व्हरला साठ्याचा कुठला तुकडा दिसावा हे फायबर स्विचवर ठरवावं लागतं, आणि त्यासाठी सर्व्हर स्विचला जोडणाऱ्या प्रत्येक कार्डाचा जागतिक क्रमांक लागतो. तो सोळा खुणांचा असतो, शून्य ते नऊ अंक आणि ए ते एफ अक्षरं यांचा मिळून. एकानं मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवून पडताळायचा. बी आणि डी ऐकताना एकसारखे वाटतात, म्हणून ‘बी बॉम्बेचा, डी दिल्लीचा’ असं म्हणायचं. प्रत्येक सर्व्हरला दोन स्विचमधून दोन वाटा द्यायच्या. एक पाथ पडला तरी काम दुसऱ्यावरून चालू राहतं. पण पडलेला पाथ कुणी पाहिलाच नाही, तर दुसरा पडेल त्या दिवशी बँकेचं काउंटर बंद. त्यामुळे रोज सकाळी पाथ मोजणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम आहे, असं माझं मत आजही आहे.

या सगळ्याच्या मुळाशी १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेली रेडची कल्पना आहे. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडा, आणि त्यांतली एक मेली तरी बाकीच्यांवरून तिची माहिती गणितानं परत काढता येईल अशी सोय ठेवा. आम्ही शिकलो तेव्हा एक डिस्क गेली तरी तगणारा रेड-५ हा राजमार्ग होता. पुढं डिस्क मोठ्या होत गेल्या आणि गणित बदललं. साध्या डिस्कच्या कागदपत्रात लिहिलेलं असतं की सुमारे १२.५ टेराबाइट वाचताना एखादी न सुधारता येणारी चूक निघू शकते. दोन टेराबाइटच्या सात डिस्कपैकी एक गेली, तर ती पुन्हा उभी करायला उरलेल्या सहांवरून सगळे १२ टेराबाइट वाचावे लागतात. म्हणजे वाचवायला निघालेलं काम कागदावर तरी चुकीच्या उंबरठ्यावरच उभं. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा याहून चांगल्या वागतात, आणि कपाटातल्या महाग डिस्कचा आकडा दहापट बरा असतो. तरी रिबिल्डला, म्हणजे गेलेली डिस्क अशी पुन्हा उभी करायला, दिवस-दिवस लागू लागले तसे शहाणे लोक दोन डिस्क गेल्या तरी तगणाऱ्या रेड-६कडे वळले. ज्यांनी ‘आजवर काही झालं नाही’ म्हणून बदल टाळला, त्यांच्याकडे मी रात्री जागून काढल्या आहेत.

मग थिन प्रोव्हिजनिंग आलं. ही गोष्ट मला कुकडी प्रकल्पामुळे चटकन कळली. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे आणि आमच्या शेजारचं येडगाव, अशी पाच धरणं. बाकीच्यांचं पाणी गरजेनुसार येडगावात सोडतात आणि तिथून कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. लाभक्षेत्र कागदावर सगळ्यांचं मान्य, पण सगळ्यांनी एकाच दिवशी पूर्ण पाणी मागितलं तर ते धरणात नसतं. म्हणून आवर्तन ठरतं, बैठका होतात, पातळी रोज पाहिली जाते. थिन प्रोव्हिजनिंगमध्ये प्रत्येक विभागाला वाटतं की आपल्याला दहा टेराबाइट मिळाले, खाली प्रत्यक्षात तेवढे नसतात. व्यवस्था उत्तम आहे, पैसे वाचतात. अट एकच, साठ्याची पातळी कुणीतरी रोज पाहिली पाहिजे. २०११च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, जगभर डिस्क महागल्या आणि वेळेवर मिळेनाशा झाल्या. संपत आलं की मागवू, असं म्हणणाऱ्यांची त्या हिवाळ्यात फार ओढाताण झाली.

या काळात खोडदला काय चाललं होतं, ते मला पुढं बऱ्याच वर्षांनी नीट समजलं. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण २००२पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. ३० अँटेना म्हणजे ४३५ जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा संकेत एकमेकांशी ताडून पाहायचा. श्रेणीवाढीनंतर ही दुर्बीण एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ऐकू शकते. असा संकेत आकड्यांत उतरवायचा तर दर सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. एका अँटेनाचे दोन ध्रुवीकरणांचे दोन संकेत, ३० अँटेनांचे साठ. सेकंदाला ४,८०० कोटी आकडे होतात. एवढं सगळं जसंच्या तसं ठेवायचं म्हटलं तर कुठलंही कपाट पुरणार नाही. म्हणून संकेत ताडणारा कोरिलेटर ते तिथल्या तिथं ताडून, काही काळाची सरासरी काढून, त्यातलं कामाचं तेवढं फाइलमध्ये उतरवतो. काय ठेवायचं आणि काय त्याच क्षणी सोडून द्यायचं हे आधी ठरवावं लागतं. सोडलेलं परत मिळत नाही. आमच्या कंपन्यांत मात्र सगळंच ठेवून द्यायची सवय आणि मागच्या महिन्याचं शोधताना धांदल.

सुरुवातीची निरीक्षणं चुंबकीय टेपवर उतरत. टेप स्वस्त असते, कपाटात पडून राहिली तर वीज खात नाही, नीट ठेवली तर टिकतेही. पण तिला वाचणारं यंत्र तेवढं टिकत नाही. एलटीओ या टेपच्या प्रकारात सातव्या पिढीपर्यंतची यंत्रं आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत, आठव्या आणि नवव्या पिढीची मागची एकच. म्हणजे दर काही वर्षांनी जुन्या टेपांवरचं सगळं नव्यावर आणत राहायचं. हे कधी संपत नाही, कुणी त्याचा सत्कार करत नाही, आणि एकदा चुकलं तर मागचं एक पर्व वाचता येईनासं होतं.

या कामाचं फळ काय असतं ते खोडदच्याच एका सर्वेक्षणानं दाखवलं. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीनं १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं टीजीएसएस हे सर्वेक्षण केलं. दोन हजार तासांहून जास्त निरीक्षण. त्यातून मोजक्याच भागाच्या प्रतिमा तेव्हा प्रसिद्ध झाल्या. तेवढ्या कमी कंप्रतेवर पृथ्वीचं आयनावरण चित्र हलवून टाकतं, आणि ती हालचाल सावरणारी गणितं अजून घडत होती. मूळ डेटा जपून ठेवलेला होता. काही वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ ह्युब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या संग्रहातला तोच डेटा घेतला, नव्या पद्धतीनं सुरुवातीपासून पुन्हा सोडवला आणि २०१६-१७ मध्ये जवळपास ३७ हजार चौरस अंश आकाशाचा नकाशा जगापुढं ठेवला. त्यात सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोत आहेत. अँटेना एक इंचही न हलवता हे घडलं. ज्यांनी त्या फाइली वाचण्याजोग्या ठेवल्या, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. माझ्या लेखी ते या नकाशाचे भागीदार आहेत.

उलट उदाहरणंही याच काळातली. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या जगप्रसिद्ध सेवेत, दिवसभर थकलेल्या इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. बॅकअपचे पाच प्रकार होते. गरज पडली तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यानं कित्येक दिवस होतच नव्हता, आणि तसं सांगणारे मेल कुणापर्यंत पोचत नव्हते. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीमुळे, निभावलं. त्या कंपनीनं हे सगळं जगासमोर उघड लिहिलं, त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी हट्टानं एक नियम लावून घेतला. बॅकअपच्या अहवालात ‘यशस्वी’ लिहिलेलं चालणार नाही, दर महिन्याला एक फाइल प्रत्यक्ष परत आणून उघडून दाखवायची.

२०१९च्या नोव्हेंबरात एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या काही एसएसडींबद्दल, म्हणजे फ्लॅशवरच्या डिस्कबद्दल, सूचना काढली. फर्मवेअरमधल्या दोषामुळे त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडणार होत्या, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी. एका कपाटातल्या डिस्क एकाच दिवशी चालू केलेल्या असतात, तेव्हा त्या एकत्रच जाणार. एक-दोन गेल्या तरी तगू, हे रेडचं सगळं गणित तिथं निरुपयोगी. उपाय साधा होता, वेळेत फर्मवेअर बदलणं. ज्यांच्याकडे कुठली डिस्क कुठं आणि कधीपासून चालू आहे याची नोंद होती, त्यांचं काम एका संध्याकाळचं. नोंदवही नसणाऱ्यांना आधी कपाटं उघडून मोजत बसावं लागलं.

आज क्लाउड आला आहे, फ्लॅश स्वस्त झाली आहे, बरीच कपाटं रिकामी झाली. स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीत भारतानं १,२५० कोटी रुपयांचा सहभाग मान्य केला आहे. तिचा डेटा सांभाळायला आणि सोडवायला माणसं लागणार आहेत, आणि त्या कामाच्या आघाडीवर खोडदची दुर्बीण चालवणारी पुण्याची एनसीआरए ही संस्था आहे. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींनी त्यात असावं असं मला मनापासून वाटतं. आता कोटींचं यंत्र नसलं म्हणून अडत नाही. जुना संगणक, तीन-चार जुन्या डिस्क आणि लिनक्स एवढ्यावर रेड बांधता येतं, झेडएफएस किंवा सेफसारखं साठवणुकीचं सॉफ्टवेअर लावून पाहता येतं. बांधून झालं की एक डिस्क मुद्दाम ओढा, रिबिल्ड होऊ द्या, सगळं पुसा आणि बॅकअपवरून परत आणा. परत आणता आलं नाही तर अजून शिकायचं राहिलं आहे असं समजा.

गावोगावच्या पतसंस्था, दूध संस्था, शाळा आणि वाचनालयांच्या कारभाऱ्यांना एक विनंती आहे. तुमचे खातेदार, सभासद आणि विद्यार्थी यांच्या नोंदी ज्या संगणकावर आहेत, त्याचा बॅकअप घेणाऱ्याला या महिन्यात समोर बसवा. गेल्या वर्षीची एक नोंद बॅकअपवरून दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायला सांगा. उघडली तर त्याची प्रत गावाबाहेर दुसरीकडेही ठेवा. नाही उघडली तर उद्याच त्याच्या मागे लागा.