तारे पाच, पण जबाबदार कोण?

लेखमाला : मोबाइलवरचा बाजार – भाग ६

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की पेडण्यातल्या किनारी गावांत एकाच प्रकारची तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. पुण्याहून किंवा हैदराबादहून निघालेले कुटुंब रात्री उशिरा मांद्रे-मोरजीला पोहोचते, नकाशाने दाखवलेल्या दारासमोर गाडी उभी करते, आणि आतून आलेला घरमालक सांगतो की हे घर आम्ही भाड्याने देतच नाही. फोटो याच घराचे असतात, पण कुणी तिसऱ्यानेच उचललेले. आगाऊ रक्कम कधीच गेलेली असते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा नंबर बंद लागतो. गोवा पोलिसांच्या सायबर विभागाने अशा बनावट संकेतस्थळांविषयी पर्यटकांना वेळोवेळी सावध केले आहे, काही संकेतस्थळे बंदही करायला लावली आहेत. तरी नव्या नावाने नवी उभी राहतात.

यात फसणारी माणसे बेफिकीर असतात असे मुळीच नाही. त्यांनी दहा घरे पाहिलेली असतात, दर ताडून बघितलेले असतात, तारे मोजलेले असतात, अभिप्राय वाचलेले असतात. पडद्यावर जे दिसत होते त्याच्या आधाराने त्यांनी विचारपूर्वकच निर्णय घेतलेला असतो. पण घर कसे आहे याची माहिती समोर भरपूर असताना, घर देणारा कोण आणि काही बिनसले तर कुणाला धरायचे, याची माहिती तिथे नव्हती. निवडीला मदत करणारी साधने आणि विश्वास ठेवायला लागणारा आधार या दोन गोष्टी आपण एकच समजतो. या भागात त्या वेगळ्या करून पाहू.

निवड एक, भरवसा दुसरा

शोधाची चौकट, दरानुसार लावलेला क्रम, तारे, ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’ अशी सुचवणी ही सगळी निर्णयाला मदत करणारी साधने. त्यांची गरज खरीच आहे. समोर हजार वस्तू असताना माणूस त्यातली सर्वोत्तम शोधत बसत नाही. आपल्या गरजेला पुरेशी वाटणारी वस्तू दिसली की थांबतो. हर्बर्ट सायमन यांनी हे पटवून दिले, आणि निर्णयप्रक्रियेवरच्या त्यांच्या कामासाठी त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपण जर पुरेशावर थांबणार असू, तर पडद्यावर पहिल्या दहांत काय दिसते त्यावर आपली खरेदी ठरते. म्हणूनच तो क्रम लावणाऱ्याच्या हातात मोठी ताकद असते.

ही साधने ‘कोणते घ्यावे’ याला मदत करतात. ‘बिघडले तर भरून कोण देणार’ हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येतच नाही.

मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो की आपण मिरची हातात घेतो, मोडून बघतो, वास घेतो. पण आपला खरा भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर असतो. विकणारी बाई पुढच्या शुक्रवारीही त्याच जागी बसणार असते. मिरची ओली निघाली तर गिऱ्हाईक तिच्यासमोर जाऊन उभे राहू शकते, आणि चार जणींना सांगून तिचे गिऱ्हाईक तोडूही शकते. म्हणजे ती सापडण्यासारखी आहे आणि तिच्याकडे गमावण्यासारखे काही आहे. मोबाइलवरच्या व्यवहारात या दोन्ही गोष्टी नाहीशा होऊ शकतात. डिजिटल व्यवहारांसाठी जगभर जे नियम झाले, ज्या व्यवस्था उभ्या राहिल्या, त्यांतल्या बहुतेकांची धडपड या दोन गोष्टी परत आणण्याचीच आहे.

ताऱ्यांचे गणित

खरेदीदाराने विक्रेत्याला गुण द्यायचे ही पद्धत ईबेने १९९० च्या दशकात रूढ केली. अनोळखी माणसाला गेल्या गिऱ्हाइकांचा अनुभव आयता मिळू लागला, आणि तो आजही उपयोगी पडतो. मात्र तारे वाचायची एक रीत आहे.

समजा, एका घराला १० अभिप्रायांवर ४.८ तारे आहेत आणि दुसऱ्याला १००० अभिप्रायांवर ४.५. डोळा पहिल्यावर जातो. आता दोघांनाही आणखी एका पाहुण्याने एकच तारा दिला असे धरू. पहिल्याचे तारे ४.८ वरून ४.४५ वर घसरतील, दुसऱ्याचे ४.५ जवळपास तसेच राहतील. पहिला आकडा मोठा असला तरी तो एका माणसाच्या मतावर हलतो. त्यामुळे तारे पाहताना ते किती जणांनी दिले हे आधी पाहावे.

शिवाय अभिप्राय कोण लिहितो? ज्याला फार आवडले तो आणि जो फार चिडला तो. ज्याला ठीक वाटले तो सहसा लिहीत नाही. म्हणून तीन तारे देणाऱ्यांचे म्हणणे वाचणे फायद्याचे ठरते. ते बहुधा बरे-वाईट दोन्ही सांगतात: किनारा चालत वीस मिनिटांवर आहे, पावसाळ्यात न्हाणीघराचे छत गळते, वीज गेली तर इन्व्हर्टर फक्त पंख्यांपुरता चालतो. असा तपशील विकतचा अभिप्राय लिहिणाऱ्याला सहसा सुचत नाही. दोन-तीन दिवसांत एकदम आलेले, एकाच सुरातले, नुसती स्तुती करणारे वीस अभिप्राय दिसले तर सावध व्हावे.

भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि दाखवावेत यासाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आणले. ते पाळणे कंपन्यांच्या मर्जीवर ठेवलेले आहे, त्यामुळे सगळा भार त्यावर टाकता येत नाही.

घाईचे बटण

‘फक्त १ खोली शिल्लक’, ‘आत्ता १८ जण हेच घर पाहत आहेत’. अशी घाई खोटी असेल तर ती आता अनुचित व्यापारी प्रथा ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांची यादी मार्गदर्शक सूचनांसह जाहीर केली. खोटी घाई, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, सुरुवातीला कमी दर दाखवून शेवटच्या पडद्यावर शुल्के वाढवत नेणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, जाहिरातीला बातमीचे किंवा अभिप्रायाचे रूप देणे, हे सगळे त्यात आहे. या रचना आपल्याला विचार करायला मिळणारा वेळच काढून घेतात. घाई वाटू लागली की पैसे भरण्याआधी मोबाइल तासभर बाजूला ठेवावा. खरे घर तासाभरात नाहीसे होत नाही. झालेच, तर दुसरे मिळते.

विकणारा कोण?

डिचोलीत बसून आपण मोठ्या ऑनलाइन व्यासपीठावरून कुकर मागवतो तेव्हा तो त्या व्यासपीठानेच विकला असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा विकणारा दुसराच असतो आणि व्यासपीठ मध्यस्थ असते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा व्यासपीठाने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा क्रमांक दाखवायलाच हवा. वस्तूंचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला हेही सांगायला हवे. आधीच खूण केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती गृहीत धरता येत नाही. तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिनाभरात निवारण करावे.

‘आम्ही केवळ मध्यस्थ’ हा बचाव किती चालतो, याचा दाखला प्रेशर कुकरच्या प्रकरणात मिळाला. घरगुती कुकरवर मानक चिन्ह सक्तीचे झाल्यावरही ते नसलेले कुकर विकले गेले म्हणून प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टविरुद्ध आदेश काढले. अ‍ॅमेझॉनवरून असे २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८ कुकर गेले होते. घेणाऱ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत करा आणि प्रत्येकी १ लाख रुपये दंड भरा, असा तो आदेश होता. विक्रीतून शुल्क कमावणाऱ्याला जबाबदारीतून हात झटकता येणार नाहीत, ही त्यामागची भूमिका. ती ग्राहकाच्या दृष्टीने मोलाची आहे.

एका जाहिरातीची तपासणी

आता हेच पेडण्यातल्या एखाद्या घराला लावून पाहू. जाहिरात सांगते: आश्वे किनाऱ्याजवळ तीन खोल्यांचा व्हिला, पोहण्याचा तलाव, आजूबाजूच्या दराच्या निम्मे भाडे, निम्मी रक्कम आज पाठवा.

पहिले पाऊल फोटोचे. इमेज सर्चमध्ये तो टाकला की हेच घर दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गावात दाखवले आहे का ते कळते. दुसरे पाऊल नोंदणीचे. पर्यटकांना राहायला जागा देणाऱ्याने १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्राची प्रत मागावी. खरा घरमालक ती पाठवतो. खोटा असेल तो विषयच बदलतो. तिसरे पाऊल थेट पाहण्याचे: व्हिडिओ कॉल करून दार उघडून दाखवायला सांगावे. चौथे पाऊल नावाचे. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचे नाव पडद्यावर येते. प्रमाणपत्रावर एक नाव आणि पडद्यावर भलतेच असेल, तर तिथेच थांबावे.

पाचवी खूण सगळ्यांत बोलकी. व्यासपीठावर घर दाखवून नंतर ‘कमिशन वाचेल, पैसे थेट पाठवा’ असा आग्रह सुरू होतो. एअरबीएनबीसारखे व्यासपीठ पाहुणा घरात शिरल्यानंतर साधारण एका दिवसाने यजमानाला पैसे सोडते. घरच सापडले नाही तर रक्कम अजून व्यासपीठाकडेच असते. आपण कमिशन वाचवायला जातो आणि पाठीशी असलेली ही एकमेव हमी सोडून देतो.

पैशाची वाट, तक्रारीची वाट

कार्डाने किंवा व्यासपीठामार्फत दिलेले पैसे परत मागण्याची ठरलेली पद्धत असते. अनोळखी माणसाच्या खात्यात आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे परत मिळवणे फार कठीण. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेची आणि ग्राहकाची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याने खात्यातून परस्पर पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान आपल्यावर येत नाही. आपण स्वतः पाठवलेल्या रकमेला हे संरक्षण मिळत नाही. अशा वेळी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. आणखी एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगावी: पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

वस्तू सदोष निघाली, विक्रेता दाद देईना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली: ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळूरचा, पेडण्या-डिचोलीच्या ग्राहकाला पर्वरीच्या उत्तर गोवा आयोगापलीकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ती ऑनलाइन दाखल करता येते. यासाठी पावती, संभाषण आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.

खरे नुकसान कुणाचे?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक धोका मांडला. चांगला माल आणि वाईट माल ग्राहकाला ओळखता आला नाही, तर तो दोन्हींच्या मधला दर देऊ करतो. त्या दरात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून प्रामाणिक विक्रेता बाजार सोडतो आणि मागे खोटा उरतो.

हे आपल्याकडे घडताना दिसते. हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये आणि गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काजूसाठी ते मागण्याचे कारणच हे होते, की बाहेरून आणलेला काजू ‘गोव्याचा’ म्हणून सर्रास विकला जातो. परगावचे गिऱ्हाईक ऑनलाइन पाकिटावरचे नाव पाहून पैसे मोजते, आणि इथल्या बागाईतदाराच्या मालाला मात्र त्याच्या गुणाचा दर मिळत नाही. मानांकनाचे नाव वापरण्याचा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यांनाच असतो. म्हणून ऑनलाइन काजू किंवा मिरची घेताना, घर ठरवताना मागतो तसाच, विक्रेत्याचा वापरकर्ता क्रमांक मागावा.

बनावट व्हिलांनीही हेच केले आहे. डिचोलीतल्या एखाद्या गावात किंवा पेडण्यात घरातल्या दोन खोल्या नीट करून पाहुण्यांना देणाऱ्या बाईकडे ना जाहिरातीचा खर्च असतो, ना हजार अभिप्राय. आधी फसलेला पाहुणा तिच्यावर विश्वास ठेवत नाही आणि मोठ्या हॉटेलाकडे वळतो. तिचे हे नुकसान कुठल्याच पोलीस तक्रारीत नोंदले जात नाही.

म्हणून मला ठामपणे वाटते की सावधगिरीचा सगळा भार ग्राहकावर टाकणे अन्यायाचे आहे. पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक प्रत्येक ऑनलाइन जाहिरातीत सक्तीने असावा, तो मोबाइलवर टाकताच मालकाचे नाव, गाव आणि घराचा फोटो दिसावा. मानांकनाच्या वापरकर्त्यांची यादीही मराठी आणि कोकणीत, क्यूआर कोडसह प्रत्येक पाकिटावर पोहोचावी. नोंदी सरकारच्या दप्तरात आहेतच. त्या ग्राहकाच्या हाती निर्णयाच्या क्षणी पोहोचवण्याचे काम बाकी आहे. तेवढे झाले तर मांद्र्याच्या दारात रात्री उभे राहणारे कुटुंब वाचेल, आणि त्याच गावातल्या खऱ्या यजमानाला त्याचे गिऱ्हाईक मिळेल.

(पुढील भाग : मोपा विमानतळावरून घरी – टॅक्सीचे भाडे अ‍ॅपवर कसे ठरते आणि प्रवाशाला त्यातले काय कळायला हवे)