औषधाच्या दुकानातला सल्ला

आमच्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी मेडिकलच्या दुकानावर काय बोलावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण सुरुवात एका जुन्या ग्रीक शब्दापासूनच करू. ‘फार्माकॉन’ म्हणजे औषध, आणि विषसुद्धा. ‘फार्मसी’ हा शब्द त्याच कुळातला. पदार्थ एकच असतो. तो औषध ठरतो की विष, हे किती, कोणाला आणि कशासोबत दिला यावर ठरतं.

पॅरासिटामॉलचंच बघा ना. ताप आहे म्हणून एक गोळी घेतली. सर्दीही आहे म्हणून दुसरी घेतली, तर त्या सर्दीच्या गोळीतही बरेचदा पॅरासिटामॉल असतं. प्रौढ माणसासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. ती वारंवार ओलांडली तर यकृताला धोका. हे काउंटरवर कोण सांगणार? ज्याला हे ठाऊक आहे आणि सांगण्याची ज्याची जबाबदारी आहे, तो फार्मासिस्ट. दुकानदार आणि फार्मासिस्ट हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आधी लक्षात घेऊ.

आता प्रश्न असा, की या माणसाने फक्त चिठ्ठीप्रमाणे औषध द्यावं, की उपचारही करावेत? तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीच्या राज्यात कायदा केला, की वैद्याने औषधविक्रेत्याशी भागीदारी करायची नाही, स्वतःचं औषधाचं दुकानही काढायचं नाही. कारण उघड आहे. औषध लिहिणारा आणि विकणारा एकच झाला, की रोग्याच्या गरजेपेक्षा गल्ला मोठा होण्याची भीती. म्हणून मध्ये एक भिंत उभी राहिली.

इंग्लंडने या भिंतीत अलीकडे एक दार केलं. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे ‘फार्मसी फर्स्ट’ ही योजना सुरू आहे. सायनसचा त्रास, घसादुखी, मुलांच्या कानाचा संसर्ग, किडा चावून चिघळलेली जागा, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि स्त्रियांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा ७ तक्रारींवर फार्मासिस्ट स्वतः तपासून, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देऊ शकतो. डॉक्टरांच्या दवाखान्यांवरचा ताण कमी व्हावा, हा हेतू.

पण दार उघडताना कड्या कशा बसवल्या, ते बघण्यासारखं आहे. कोणत्या लक्षणांत काय द्यायचं, कुठे थांबायचं आणि कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं, हे लेखी ठरलेलं. बोलायला वेगळी खोली. नोंद रुग्णाच्या डॉक्टरकडे जाते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सरकार पैसे देतं ते सल्ल्याचे. तपासून ‘औषधाची गरज नाही’ असं सांगितलं, तरी फार्मासिस्टचं नुकसान होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कायदे आपल्याकडे कमी नाहीत. फार्मसी कायदा १९४८ चा आहे. २०१५ च्या नियमावलीत रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून नोंदलेलं आहे. १ मार्च २०१४ पासून एच१ यादीतल्या औषधांची, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं वगैरेंची, वेगळी वही ठेवावी लागते. त्यात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि वही ३ वर्षं जपायची. २०१८ पासून क्षयरुग्णाची माहिती कळवण्याची जबाबदारी औषधविक्रेत्यांवरही आहे. म्हणजे सार्वजनिक आरोग्याचं काम आपण त्यांच्या खांद्यावर कधीच टाकलंय.

मग अडतं कुठे? ‘पोराला जुलाब होतायत, काहीतरी द्या’ असं आपण काउंटरवर म्हणतो. बहुतेक वेळा योग्य उत्तर असतं ओआरएसची पुडी, झिंक आणि धोक्याच्या खुणा दिसल्या तर दवाखाना. पण पुडी स्वस्त, अँटिबायोटिकची पट्टी महाग. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा २०१३ च्या आदेशाने १६ टक्के ठरवलेला आहे. तो मिळतो विकलेल्या मालावर. न विकलेल्या औषधाबद्दलचा शहाणा सल्ला आपल्याकडे सहसा फुकटच जातो. प्रामाणिकपणाने ज्याचं नुकसान होतं, त्याच्याकडून आपण रोज प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो. नीतिशास्त्र शिकवणाऱ्यांना ही मांडणी अन्यायाची वाटते.

काही जण म्हणतील, मग सल्ला देणंच बंद करा. पण जिथे डॉक्टर लांब आहे, तिथे मेडिकल हाच पहिला दवाखाना असतो. सल्ला दिला जातोच आहे. तो बंद करणं कुणाच्या हातात नाही. तो जबाबदारीने दिला जावा, हे मात्र आपण ठरवू शकतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतील. काउंटरवर खरोखरचा फार्मासिस्ट हवा, भिंतीवर टांगलेलं त्याचं प्रमाणपत्र नव्हे. त्याच्या अधिकाराच्या हद्दी लेखी हव्यात. आणि सल्ल्याला विक्रीपासून वेगळं मोल हवं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात तीन प्रश्न आहेत. ‘फार्मासिस्ट आहेत का?’ ‘मी या गोळ्या आधीच घेतोय, त्यासोबत हे चालेल का?’ आणि ‘हे न घेता चालेल का?’ तिसऱ्या प्रश्नाला जो शांतपणे, विचार करून उत्तर देतो, त्याचं दुकान धरून ठेवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.