पास-नापासच्या वादात हरवलेली दुसरी-तिसरी

डिसेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतल्या केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये यांसारख्या शाळांसाठी नियम बदलला. पाचवी किंवा आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या आणि फेरपरीक्षेतही उत्तीर्ण न झालेल्या मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवायचे ठरले. बातमी येताच तमिळनाडूचे शालेय शिक्षणमंत्री अन्बिल महेश यांनी जाहीर केले, की त्यांच्या राज्यात आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवले जाणार नाही. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२३मध्ये, आपल्या नियमांत दुरुस्ती करून या दोन इयत्तांच्या वार्षिक परीक्षा परत आणल्या होत्या. देश एक, कायदाही एक. पण दहा-अकरा वर्षांचे मूल पुढच्या वर्गात जाणार की नाही, हे ते कोणत्या राज्यात जन्मले यावर ठरते.

‘ढकलपास बंद करा’ आणि ‘मुलांना नापास करू नका’ या दोन घोषणांमध्ये गेली पंधरा वर्षे शिक्षणतज्ज्ञ, मंत्री, शिक्षक संघटना आणि पालक विभागले गेले आहेत. दोन्ही बाजूंकडे खरी माणसे आहेत आणि खरे अनुभवही आहेत. म्हणूनच हा वाद मुळापासून समजून घ्यायला हवा.

मुलांना न रोखण्याची कल्पना काही २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात एकाएकी उगवलेली नाही. प्राथमिक टप्प्यावर नापास न करण्याचे धोरण १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १६ने ही मुभा आठवीपर्यंत नेली. या कायद्याच्या मसुद्याशी जवळून जोडलेले विनोद रैना हे भौतिकशास्त्रज्ञ. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी खेड्यांतल्या शाळांबरोबर वर्षानुवर्षे काम केले होते. नापास न करणे म्हणजे मूल्यमापन न करणे नव्हे, हे ते वारंवार सांगत. या बाजूचे म्हणणे सरळ आहे. नापास झालेले गरीब घरातले मूल त्याच वर्गात परत बसतेच असे नाही. पुष्कळदा ते शाळाच सोडते. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबते. शिकवण्यात शाळा कमी पडली, तरी शिक्का बसतो तो मुलावर.

म्हणूनच कायद्यात कलम १६च्या जोडीला कलम २९ आले. परीक्षेचा बागुलबुवा काढायचा, पण मूल कुठे अडते आहे हे वर्षभर बघत राहायचे, अशी ही योजना. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापना’चा शासन निर्णय काढला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने ठरली. आकारिक म्हणजे शिकता शिकता होणारे आणि संकलित म्हणजे सत्राअखेरचे, असे मूल्यमापनाचे दोन भाग पडले. मागे पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन वर आणण्याची जबाबदारी शाळेवर टाकण्यात आली.

कागदावर हे सगळे उत्तम होते. प्रत्यक्षात पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि दोन शिक्षक असलेल्या द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. निवडणुकीची कामे, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे चालूच होते. मग तयार नोंदींचे नमुने शिक्षकांच्या मोबाइलवर फिरू लागले. ‘वाचनात प्रगती होत आहे’, ‘गणिती क्रियांत सरावाची गरज आहे’ अशी वाक्ये रकान्यांत उतरली. मूल वाचत नव्हते, पण त्याची श्रेणी सुधारत होती. परीक्षा गेली आणि तिच्या जागी जे यायचे होते ते आलेच नाही.

हे उघड केले एका साध्या कागदाने. मुंबईत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून ‘असर’ पाहणी होते. स्वयंसेवक गावात घरोघरी जातात आणि मुलासमोर अक्षरे, सोपे शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असलेला कागद धरतात. परिच्छेद जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, शब्दही अडले तर अक्षरे. शेजारी आई उभी असते, आजोबा बसलेले असतात. मुलाला काय वाचता येते, हे घरच्यांनाही तिथेच समजते.

देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ज्या मुलांना ही दुसरीची गोष्ट वाचता आली, त्यांचे प्रमाण २०१०मध्ये ५३.७ टक्के होते. दोनच वर्षांत ते ४७ टक्क्यांच्या आसपास आले. कोरोनानंतर, २०२२मध्ये, ते ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे आजही पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांपुढे भूगोलाचे आणि विज्ञानाचे पुस्तक उघडे असते, पण त्यातला मजकूर त्यांच्यासाठी बंदच असतो.

या घसरणीचे खापर कलम १६वर फुटले. हरियाणाच्या तत्कालीन शिक्षणमंत्री गीता भुक्कल यांच्या समितीने न रोखण्याच्या धोरणाचा फेरविचार सुचवला. टी. एस. आर. सुब्रमण्यम समितीने २०१६मध्ये पाचवीपर्यंत मुभा ठेवून पुढे नापास करण्याची तरतूद आणायला सांगितले. बऱ्याच राज्यांनी तीच मागणी लावून धरली. अखेर २०१९च्या जानेवारीत संसदेने दुरुस्ती मंजूर केली. तिच्यानुसार पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची; नापास मुलांना जादा शिकवायचे; निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची; तरीही मूल नापास झाले तर त्याला रोखायचे की नाही, हे सरकारने ठरवायचे. आठवीपर्यंत शाळेतून काढून मात्र टाकता येणार नाही.

‘असर’चे आकडे नीट पाहिले, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. २०१२मध्ये पाचवीत असलेली मुले पहिली-दुसरी शिकली ती शिक्षण हक्क कायदा लागू होण्याआधी. दुसरीची गोष्ट त्यांना वाचता येत नसेल, तर गाठ बसली ती तिथेच. २०२४च्या पाहणीतही तिसरीतल्या केवळ २७.१ टक्के मुलांना ही गोष्ट वाचता आली. पाचवीच्या दाराशी पहारा बसवायचा की नाही, यावर आपण भांडतो. मूल अडखळलेले असते ते त्याच्या दोन-तीन वर्षे आधी.

या गाठीवर हात ठेवणारे काम महाराष्ट्रातच झाले आहे, ही अभिमानाची आणि तितकीच अस्वस्थ करणारी गोष्ट. मुंबईच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ने बालसखी नेमल्या. त्या वस्तीतल्याच, शालेय शिक्षण पुरे केलेल्या तरुण मुली होत्या. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना त्या रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसत आणि त्या मुलांना जिथपर्यंत येते तिथून पुढे शिकवत. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या प्रयोगाचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोर अभ्यास केला. तो २००७मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि सर्वाधिक फायदा झाला तो सर्वांत मागे असलेल्यांचा. पुढे २०१९मध्ये बॅनर्जी, डफ्लो आणि मायकल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा या कामाचा उल्लेख जगभर झाला.

फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी याच दुखण्यावर दुसऱ्या बाजूने काम केले. जन्माने अमेरिकन असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ साठच्या दशकात फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या दलित वस्तीतल्या मुलांसाठी सुरू झालेल्या वर्गांतून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे राहिले. संपूर्ण वर्णमाला घोकून घेण्यात वर्ष घालवण्यापेक्षा थोडी अक्षरे आणि एखादी मात्रा घेऊन लगेच वाचायला लावायचे, या दिशेने अशा शाळा गेल्या. क, म, ल, न ही चार अक्षरे आणि काना एवढ्या भांडवलावर मूल कान, नाक, काम, मका, काका, मामा, कमल वाचते. पहिल्याच महिन्यात त्याला कळते, की या खुणांमधून आपल्या घरचेच शब्द निघतात.

मुलांना रोखून बघण्याचा प्रयोग इतरत्रही झाला आहे. अमेरिकेत शिकागो शहराने १९९६मध्ये ढकलपास बंद करून तिसरी, सहावी आणि आठवीला परीक्षेची अट घातली. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी २००४मध्ये निष्कर्ष मांडला, की रोखलेल्या तिसरीच्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाला नाही आणि सहावीच्या मुलांचे नुकसानच झाले. फ्लोरिडात तिसरीत रोखलेल्या मुलांची कामगिरी निदान काही काळ सुधारलेली दिसली. मात्र तिथे रोखण्याबरोबर रोजच्या वाचनाचा खास तास, उन्हाळी वर्ग आणि निवडक शिक्षक यांची सक्ती होती. नुसते त्याच बाकावर पुन्हा बसवणे आणि पुन्हा शिकवणे यांतला फरक या दोन अनुभवांतून दिसतो.

आपल्या कायद्यातही जादा शिकवणे आहे. प्रश्न आहे तो कॅलेंडरचा. महाराष्ट्रात वार्षिक निकाल परंपरेने १ मेच्या सुमारास लागतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे फेरपरीक्षेआधीच्या दोन महिन्यांतला सुमारे दीड महिना उन्हाळी सुट्टीत जातो. त्या दिवसांत शिकवणार कोण, कुठे आणि कोणत्या मानधनावर? बीडच्या ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर जाते. हंगामी वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर शाळेचे निम्मे वर्ष बुडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतल्यावर परीक्षा समोर उभी असते. त्याला नापास करून आपण कुणाची चूक मोजणार?

म्हणून यापुढे सरकारला विचारायचे प्रश्न नेमके हवेत. पाचवी-आठवीत किती मुले नापास झाली, त्यांतल्या किती जणांना प्रत्यक्ष किती दिवस शिकवले गेले, फेरपरीक्षेत किती उत्तीर्ण झाली आणि रोखलेल्यांपैकी पुढच्या वर्षी किती पटावर राहिली, हे तालुकावार जाहीर व्हायला हवे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे, असे उद्दिष्ट केंद्राच्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७पर्यंतचे ठेवले आहे. त्याचा हिशेबही याच आकड्यांशेजारी मांडला जावा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. दुसरीतल्या किती मुलांना आज परिच्छेद वाचता येतो, हा एक प्रश्न त्यांनी दर महिन्याच्या बैठकीत विचारला आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतले, तर कोणत्या मुलाला आत्ताच मदत हवी, हे पाचवीच्या निकालाची वाट न पाहता समजेल.