आवडीची मोजदाद

लोकांना कोणते गाणे आवडते, हे दर आठवड्याला मोजून दाखविणारा कार्यक्रम म्हटला की विलायतेत ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे नाव निघते. १ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टरमधील एका जुन्या चर्चच्या वास्तूतून बी.बी.सी.ने तो दूरचित्रवाणीवर सुरू केला. दर आठवड्याचा हा क्रम जुलै २००६ पर्यंत चालला. तबकड्यांचा खप हे त्याचे माप. गायक मात्र पुष्कळदा पडद्यावर नुसते ओठ हलवीत!

आपल्याकडे ही मोजदाद त्याच्याही अकरा वर्षे आधी, १९५२ च्या डिसेंबरात, ‘बिनाका गीतमाले’ने आरंभिली, आणि तीही परक्या भूमीवरून, रेडिओ सिलोनवरून. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज लागला की शेजारची गुजराती मंडळी आणि आपले मराठी बिऱ्हाड एकाच वेळी कान टवकारीत.

हे सिलोनला का जावे लागले? त्या वर्षी नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे, स्वतः ध्रुपदाची तालीम घेतलेले. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते अशी त्यांची धारणा. आकाशवाणीवर ती गीते जवळजवळ दिसेनाशी झाली. श्रोते मात्र सिलोनकडे वळले. गंमत अशी, की १९५३ च्या गीतमालेत वर्षाचे अग्रस्थान पटकावले ते ‘अनारकली’तील गीताने, त्याची चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, स्वर लता मंगेशकरांचा. एका मराठी माणसाने दार लावले आणि दुसऱ्या मराठी माणसाची चाल खिडकीतून आत आली!

केसकरांना केवळ दोष देणे मात्र मला अन्यायाचे वाटते. त्यांच्याच कारकीर्दीत पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित झाली, त्यांना कोणी क्रमांक दिला नाही, तरी ती घरोघरी पोहोचली. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीने माघार घेतली, आणि १९८९ मध्ये गीतमालाच विविध भारतीवर आली.

हा इतिहास मला आठवतो तो शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सुमारास. लिंबायत-उधन्याकडची आमची मुले मागावर कामाला आलेल्या खानदेशी घरांतली. घरी अहिराणी, वर्गात मराठी, गल्लीत हिंदी-गुजराती. गाणे निवडायला सांगितले की मोबाइलवर लाखो वेळा पाहिलेल्या गीतांची यादी पुढे येते. नकाराचा मोह होतो. पण बंदी घातली की पोरे आपापले सिलोन शोधणार, हे ठाऊक असते. म्हणून अट एवढीच घालतो : एक गाणे यादीतले, तर एक आजीच्या तोंडचे. कानबाईची गाणी अशीच वह्यांत उतरू लागली आहेत. आता अहिराणीतला अमुक शब्द देवनागरीत कसा लिहावा, हे विचारायला मुले मधल्या सुटीत माझ्या खोलीशी उभी राहतात, आणि तेवढ्यापुरता मीही त्यांच्या आज्यांना निरोप धाडतो.