निळ्या रेषेवरचे वीस हंगाम

आइस हॉकीतील बचावपटूच्या कामाचा फार मोठा भाग पाठीमागे सरकत पार पडतो. समोरून वेगाने येणाऱ्या आघाडीपटूकडे तोंड करून तो उलट्या दिशेने स्केटिंग करत असतो आणि त्याच वेळी दोघांमधील अंतर, स्वतःच्या स्टिकची दिशा आणि पाठीमागच्या गोलरक्षकाची जागा यांचे भान त्याला ठेवावे लागते. हे काम जवळून पाहायचे असेल, तर स्वीडनच्या निक्लास लिडस्ट्रॉमची कारकीर्द विशेष उपयोगी पडते. नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल, या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत तो १९९१ ते २०१२ या काळात डेट्रॉइट रेड विंग्ज या एकाच संघाकडून २० हंगाम खेळला आणि धडकाधडकीसाठी ओळखल्या जाणाऱ्या खेळात शक्य तितकी धडक टाळून अव्वल ठरला.

सामन्यात प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात: एक गोलरक्षक, तीन आघाडीपटू आणि दोन बचावपटू. सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असलेल्या या बर्फाचे दोन निळ्या रेषांनी तीन भाग पाडलेले असतात, आणि ‘पक’ नावाची, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची कठीण रबरी चकती प्रतिस्पर्ध्याची निळी रेषा ओलांडण्याआधी चढाई करणाऱ्या कोणत्याही खेळाडूला त्या रेषेपलीकडे जाता येत नाही. आपला संघ चढाईवर असतो तेव्हा बचावपटू याच रेषेवर उभे राहतात, कारण पक तेथून निसटून बाहेर आला, तर चढाईवरील सर्वांना बाहेर येऊन नव्याने सुरुवात करावी लागते. लांबून जोरदार फटका मारणे किंवा पक पुन्हा कोपऱ्यात ढकलणे हा निर्णयही त्यांनाच क्षणार्धात घ्यावा लागतो. ६० मिनिटांच्या सामन्यात खेळ चालू असतानाच खेळाडू बदलत राहतात, एक पाळी पाऊण मिनिटाच्या आसपास चालते, आणि तीन जोड्यांमध्ये विभागलेल्या सहा बचावपटूंपैकी पहिल्या जोडीच्या वाट्याला २५ मिनिटांपर्यंत खेळ येतो. लिडस्ट्रॉमने असे अनेक हंगाम काढले.

चढाई रोखण्याच्या प्रसंगातच या कामाची खरी कारागिरी दिसते. आघाडीपटू पक घेऊन निघाला की बचावपटूने त्याच्यापासून साधारण एका स्टिकच्या लांबीइतके अंतर राखायचे असते. अंतर वाढले तर त्याला फटका मारायला मोकळीक मिळते आणि फारच घटले तर तो एका हुलकावणीत बाजूने निसटतो. बचावपटूची नजर पककडे नसून प्रतिस्पर्ध्याच्या छातीकडे असावी लागते, कारण स्टिक आणि खांदे फसवू शकतात, धड मात्र ज्या दिशेने वळते त्याच दिशेने माणूस जातो. या दरम्यान एका हातात धरलेली स्टिक बर्फाला टेकवून पुढे पसरलेली असते आणि ती मधली वाट अडवते, त्यामुळे आघाडीपटूला कडेची वाट मोकळी दिसते व तो आपल्याच इच्छेने तिकडे वळल्यासारखा वळतो. परंतु रिंकच्या कडेला असलेल्या कुंपणाजवळ गेल्यावर गोल दिसण्याचा कोन अरुंद झालेला असतो आणि पुढे कोपऱ्याखेरीज काही उरत नाही. कबड्डीत जाणता कोपरारक्षक चढाईपटूला मैदानाच्या कडेकडे ढकलत नेतो, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की येथे बचावपटूला ते मागे सरकत करावे लागते. लिडस्ट्रॉमचे वैशिष्ट्य असे, की या क्षणी तो क्वचितच बर्फावर लोटांगण घालत असे किंवा अंगावर धावून जात असे. योग्य वेळी स्टिकचे टोक पुढे करून पक तेवढा काढून घेत असे.

दुसरे काम याहून धोक्याचे आहे. प्रतिस्पर्धी संघ पुष्कळदा पक मुद्दाम कोपऱ्यात फेकून देतो आणि तो आणायला गेलेल्या बचावपटूवर मागून धावून येतो. कुंपणाकडे तोंड आणि गोलाकडे पाठ अशा अवस्थेत बसणाऱ्या धडकेने अनेक कारकिर्दी अकाली संपल्या आहेत. त्यामुळे पकपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मान वळवून मागे पाहून घेणे, कोण किती अंतरावर आहे आणि आपला जोडीदार कुठे मोकळा आहे हे ठरवून टाकणे, आणि पक स्टिकला लागताच तो पुढे धाडणे, असा क्रम अंगवळणी पडलेला असावा लागतो. हा पहिला पास अचूक गेला की धडक देणारा पोहोचेपर्यंत पक तेथे राहिलेलाच नसतो. प्रेक्षकांच्या टाळ्या या पासला सहसा मिळत नाहीत, पण बचावाचे रूपांतर चढाईत होते ते येथेच.

एनएचएलमध्ये नव्या खेळाडूंची निवड दरवर्षी ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने होते, म्हणजे संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव घेतात. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये लिडस्ट्रॉमचे नाव ५३व्या क्रमांकावर आले. त्यानंतर दोन वर्षे तो स्वीडनमध्ये व्हेस्टेरोस येथेच खेळला आणि २१व्या वर्षी डेट्रॉइटला गेला. सर्वोत्तम बचावपटूला दिला जाणारा नॉरिस करंडक मात्र त्याला २००१ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, पहिल्यांदा मिळाला. त्याआधी सलग तीन वर्षे तो मतदानात दुसरा आला होता. आघाडीपटू विशीत बहरतो आणि बचावपटू तिशीकडे झुकताना पिकतो असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे: पायांतील वेग थोडा कमी होत असला तरी प्रसंग आधी ओळखण्याची शक्ती वाढत राहते, आणि या जागेवर दुसरीची किंमत पहिलीपेक्षा जास्त आहे.

एनएचएलच्या विजेतेपदाच्या स्टॅन्ले कपची १९९७ ची अंतिम लढत या दृष्टीने बोलकी आहे. प्रतिस्पर्धी फिलाडेल्फियाची मुख्य ताकद एरिक लिंड्रोस या धिप्पाड खेळाडूच्या आघाडीत होती, आणि तिच्यासमोर डेट्रॉइट व्लादिमिर कॉन्स्टँटिनॉव आणि व्याचेस्लाव फेतिसोव ही दणकट रशियन जोडी उभी करील अशी सार्वत्रिक अपेक्षा होती. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी त्याऐवजी लिडस्ट्रॉम आणि ३६ वर्षांचा लॅरी मर्फी यांना निवडले. याच मर्फीची त्या हंगामात टोरंटोच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. ताकदीला ताकदीने उत्तर न देता पक लिंड्रोसपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही, हा त्यामागचा हिशेब होता. डेट्रॉइटने चारही सामने जिंकले, आणि लिंड्रोसचा मालिकेतील एकमेव गोल चौथ्या सामन्याच्या अगदी शेवटच्या सेकंदांत झाला.

नियमभंगाबद्दल खेळाडूला बहुतेक वेळा दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका माणसाने कमी पडतो. लिडस्ट्रॉमच्या नावावर १,५६४ साखळी सामन्यांत शिक्षेची ५१४ मिनिटे आहेत, म्हणजे सरासरी सहा सामन्यांत एखादी शिक्षा. रोज प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम आघाडीला तोंड देणाऱ्या माणसासाठी हा आकडा अविश्वसनीय वाटावा असा आहे. २००५ मध्ये लीगने प्रतिस्पर्ध्याला स्टिकने अडकवणे आणि हाताने धरून ठेवणे यांवर कडक कारवाई सुरू केली, तेव्हा या युक्त्यांवर पोट भरणाऱ्या अनेक अवजड बचावपटूंची पंचाईत झाली. लिडस्ट्रॉमने पस्तिशी ओलांडताना पुढील तिन्ही वर्षांचे नॉरिस करंडक घेतले. याच्या उलट टोकाला बॉबी ऑर आहे. बचावपटू असूनही लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवण्याचा पराक्रम त्याने दोनदा केला, आणि प्रतिभेत तो लिडस्ट्रॉमच्या वरचढच मानावा लागेल, पण गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे त्याचा खेळ ६५७ सामन्यांत संपला.

या कामाचे मोजमाप मात्र नेहमीच तोकडे पडले आहे. ‘प्लस-मायनस’ या जुन्या मापात खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक आणि प्रतिस्पर्ध्याने केला तर उणे एक धरले जाते, आणि एका माणसाच्या आधिक्याचा फायदा घेऊन झालेले गोल त्यात मोजत नाहीत. लिडस्ट्रॉमची कारकिर्दीची बेरीज अधिक ४५० भरते. उण्यात गेलेला त्याचा एकमेव हंगाम २०१०-११ चा, उणे २ चा, आणि सातवा नॉरिस करंडक त्याला मिळाला तो त्याच हंगामासाठी. मतदान करणाऱ्या पत्रकारांनी आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवला, असे म्हणता येईल. चाळिशीतल्या माणसाच्या पुण्याईलाही मते पडली असतील.

मे २०१२ मध्ये, या पातळीवर खेळण्यासाठी लागणारी जिद्द आता उरली नाही असे सांगून तो निवृत्त झाला. जुलैमध्ये डेट्रॉइटने रायन सुटर या नामांकित बचावपटूला आणण्याचा प्रयत्न केला, पण तो १३ वर्षांचा करार करून मिनेसोटाकडे गेला, आणि लिडस्ट्रॉमची मिनिटे उरलेल्यांत वाटावी लागली. त्यातील मोठा वाटा निक्लास क्रोनवालकडे आला, जो स्वीडिशच होता, परंतु लीगभर ओळखला जाई तो त्याच्या जबर धडकांसाठी.