स्वतंत्र चित्रपटांना नट कुठून मिळतात?

कर्जतहून सुटणारी सकाळची लोकल तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची असेल. मुंबईच्या टोकापर्यंत १०० किलोमीटर, दोन तासांचा रस्ता. कर्जतला चढणाऱ्याला बसायला जागा मिळते, एवढंच काय ते सुख! याच गाडीत मागच्या पावसाळ्यात आमच्या आळीतला एक मुलगा भेटला. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले स्वतःचे फोटो. पाऊस आत येईल म्हणून पिशवी दोन्ही हातांनी झाकून बसलेला.

म्हणाला, "काका, अंधेरीला चाललोय. सिनेमात घेणार आहेत. आधी आठ हजार भरायचे आहेत, नाव नोंदवायला."

"कोणता सिनेमा?"

"नाव अजून सांगितलं नाही. पण मोठ्या कंपनीचा नाही, स्वतंत्र सिनेमा आहे म्हणाले. तिथं नव्या माणसाला घेतात ना?"

घेतात, हे खरं. पण कसे घेतात, ते त्याला मी बदलापूर येईपर्यंत सांगत होतो. तेच आज तुम्हाला सांगणार आहे. कारण असे आठ हजार भरणारी मुलं केवळ आमच्याच आळीत आहेत असं नव्हे.

आता गंमत पाहा. सिनेमाचा राजवाडा या मुलाच्या घरापासून फार लांब नाही. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेला एन. डी. स्टुडिओ कर्जतचा म्हणून ओळखला जातो. जमीन मात्र खालापूर तालुक्यातली, चौकच्या बाजूची. 'जोधा अकबर'साठी तिथं मोगलांचे महाल उभे राहिले, 'राजा शिवछत्रपती' या मालिकेसाठी मराठ्यांचे वाडे उठले. देसाई हे अस्सल कलादिग्दर्शक. 'लगान', 'देवदास' आणि डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. पुढे कर्जाचा डोंगर झाला, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत त्यांचा अंत झाला. या भागातल्या माणसाला ती बातमी घरातल्यासारखी लागली.

अशा स्टुडिओत गर्दीच्या प्रसंगांना माणसं लागतात. भाला घेऊन उभं राहायचं, दिवसाची मजुरी घ्यायची, जेवण मिळतं. वाईट काही नाही त्यात. काम म्हणजे काम. पण भाला धरणाऱ्याला त्या फाटकातून पुढची वाट सहसा फुटत नाही. मोठ्या चित्रपटात प्रमुख नटाचं नाव आधी ठरतं आणि त्या नावावर पैसा उभा राहतो. बाकीची माणसं मग लागतील तशी घेतली जातात.

स्वतंत्र चित्रपट म्हणजे ज्याचा पैसा मोठ्या कंपनीकडून येत नाही तो. दिग्दर्शकाची शिल्लक, चार मित्रांची भर, एखाद्या संस्थेचं साहाय्य, क्वचित लोकवर्गणी. श्याम बेनेगलांच्या 'मंथन'साठी गुजरातेतल्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. अशा चित्रपटाला नामांकित नट परवडत नाही, म्हणून तो गोष्टीला साजेसा चेहरा शोधतो. आणि पैशाची जागा वेळानं भरून काढतो. महिना-महिना तालीम, एकेका प्रसंगाला कितीतरी टेक, मानधन जेमतेम. म्हणून अशा चित्रपटात काम करू शकतो तो दोन प्रकारचा माणूस. एक, ज्याची चूल दुसऱ्या कशावर तरी पेटते. दुसरा, जो आजवर नट नव्हताच, त्याच्या गावात जाऊन कुणीतरी त्याला हुडकलेलं असतं.

ही काही आजची रीत नव्हे. दादासाहेब फाळके यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर पैसा काढून सिनेमाच्या विद्येची खटपट सुरू केली. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला साळुंके नावाचा आचारी त्यांनी उचलला. दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. सिनेमात काम करतो असं सांगायची तेव्हा चोरी होती, म्हणून नटांनी 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे' असं सांगायचं! परेश मोकाशी यांच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव तिथूनच आलं. तेव्हा आपला पहिला चित्रपटही स्वतंत्रच, आणि त्याची नायिका स्वयंपाकघरातून आलेली.

पहिल्या वाटेचं सगळ्यात नामी उदाहरण म्हणजे 'सामना'. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा चित्रपट. विजय तेंडुलकरांची पटकथा. दिग्दर्शक जब्बार पटेल हे मुलांचे डॉक्टर, दौंडला दवाखाना चालवणारे. निर्माते रामदास फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक. मास्तरांचं काम करणारे डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे सर्जन. चाळिशी ओलांडल्यावर १९६९ साली त्यांनी व्यवसाय सोडून नट व्हायचं ठरवलं. आणि त्यांच्यासमोर हिंदुराव धोंडे पाटील म्हणून उभे ठाकलेले निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेले. सेवादलाच्या कलापथकात आणि लोकनाट्यात त्यांची जीभ घासली गेली. एक सर्जन आणि एक माळी. पडद्यावर एकमेकांना एक तसूही मागे सरू देत नाहीत.

ही माणसं एकमेकांना भेटली कुठं? सिनेमाच्या कचेरीत नव्हे. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनसारख्या हौशी संस्थांत, संध्याकाळी दवाखाने आणि कचेऱ्या बंद झाल्यावर. मुंबईत ते ठिकाण म्हणजे दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह. 'आविष्कार'ची प्रायोगिक नाटकं तिथं १९७४ पासून होऊ लागली. सुलभा देशपांडे याच शाळेत शिक्षिका. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधल्या शिक्षिकेचं, लीला बेणारेचं, काम त्यांनी रंगभूमीवर केलं आणि सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली केलेल्या त्याच नाटकाच्या चित्रपटातही केलं. त्याच चित्रपटात अमोल पालेकर होते. शिक्षण चित्रकलेचं, नोकरी बँकेतली, संध्याकाळ दुबेंच्या तालमीत. तीन वर्षांनी 'रजनीगंधा' आला तेव्हा लोक म्हणाले, हा मुलगा अगदी आपल्या शेजारच्यासारखा दिसतो. बँकेच्या खिडकीमागं बसलेला माणूस शेजारच्यासारखा दिसणार नाही तर काय!

स्मिता पाटील यांची वाट थोडी निराळी. त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगत. अरुण खोपकर यांच्या 'तीव्र मध्यम' या विद्यार्थी-लघुपटात त्या दिसल्या, बेनेगलांनी त्यांना 'चरणदास चोर' आणि 'निशांत'मध्ये घेतलं, पुढं 'मंथन' आणि 'भूमिका'. १९८६ साली अवघ्या ३१ व्या वर्षी त्या गेल्या, पण तेवढ्यात दोन पिढ्यांना पुरेल एवढं काम करून गेल्या.

यांपैकी एक चित्रपट आपल्या घराजवळचा म्हणून थोडं थांबतो. 'जैत रे जैत', १९७७ चा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गीतं, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गोष्ट ठाकरांची. कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेला ज्यांच्या वाड्या आहेत, बाजाराच्या दिवशी जे रानभाजी घेऊन खाली उतरतात, त्यांची. नाग्या केला मोहन आगाशे यांनी आणि चिंधी केली स्मिता पाटील यांनी. आगाशे पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ, 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस. कामं दोघांची अप्रतिम, त्याबद्दल वाद नाही. पण एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. प्रमुख भूमिकेत एखादा ठाकराचा मुलगा, एखादी ठाकराची पोर का नव्हती? त्या काळी हा प्रश्न विचारण्याची रीत नव्हती, हे खरं उत्तर. खेड्यातला माणूस पडद्यावर यायचा तो शहरातल्या नटाच्या अंगावर येऊन.

ती रीत बदलली, आणि इथं दुसरी वाट सुरू होते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या, सोमनाथ अवघडे, हा सोलापूरकडच्या खेड्यातला हलगी वाजवणारा मुलगा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या बापाचं काम करणारे किशोर कदम दुबेंच्या तालमीतले. म्हणजे दोन्ही वाटा एकाच झोपडीत येऊन बसल्या! चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये लोकशाहिराचं काम नागपूरचे कार्यकर्ते आणि संपादक वीरा साथीदार यांनी केलं. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या, आणि बचावाचा वकील झालेले विवेक गोम्बर हेच चित्रपटाचे निर्माते. २०१४ साली व्हेनिसला त्याला दोन पारितोषिकं मिळाली. त्याच दिग्दर्शकाच्या 'द डिसायपल'मध्ये गायकाचं काम आदित्य मोडक या खऱ्या गायकानं केलं. सहा महिन्यांत नटाला अभिनय शिकवता येईलही, पण ख्याल शिकवता येणार नाही. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तिथल्याच माणसांना घेऊन झाला आणि २०२३ साली टोरांटोला नावाजला गेला. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'नं २०२५ साली अमेरिकेत सनडान्सचं मोठं पारितोषिक घेतलं.

लहान भाषेच्या माणसांची ही तऱ्हा आपल्याकडेच आहे असं समजू नका. आयर्लंड पाहा. डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर १९०४ साली सुरू झालं, तेव्हा त्याचे पुष्कळ नट दिवसा नोकरी करणारे हौशी लोक होते. बॅरी फिट्झगेराल्ड हे सरकारी कारकून. १९२९ पर्यंत नोकरी सांभाळून संध्याकाळी नाटक केलं, आणि पुढे ऑस्करपर्यंत गेले. आजचे किलियन मर्फी कायदा शिकत होते. १९९६ साली कॉर्कच्या एका छोट्या नाटकमंडळीत 'डिस्को पिग्ज' केलं, त्याचाच पुढं चित्रपट झाला आणि त्यातून वाट उघडली. २०२२ सालचा 'द क्वायट गर्ल' हा आयरिश भाषेतला चित्रपट एका शाळकरी मुलीच्या शांत चेहऱ्यावर उभा आहे. इंग्रजीच्या दाराशी राहून आयरिशमध्ये चित्रपट करणं आणि हिंदीच्या दाराशी राहून मराठीत करणं, दोहोंचं दुखणं सारखंच.

पण दुसऱ्या वाटेची एक काळी बाजू आहे. लागूंना किंवा पालेकरांना चित्रपट संपल्यावर परत जायला नाटक होतं. गावातून हुडकलेल्या मुलाला काय असतं? दोन महिने मोटार दारात येते, वर्तमानपत्रात फोटो छापतात, महोत्सवाला विमान मिळतं. मग पथक निघून जातं. शाळेतले सोबती एक इयत्ता पुढं गेलेले असतात. फोन वाजायचे थांबतात. त्याची भाषा, त्याचा रंग, त्याची चाल एका गोष्टीला हवी होती. पुढच्या गोष्टीला ती हवी असेलच असं नाही. दिग्दर्शकानं अशा मुलाच्या शिक्षणाची सोय मानधनाबरोबरच कागदावर लिहून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. काहीजण आपणहून करतात. पण आपणहून करण्यावर हे सोडू नये.

हे सगळं त्या मुलाला गाडीत सांगितलं. वांगणी गेलं, बदलापूर आलं. तो म्हणाला, "म्हणजे मी जाऊ नको?"

मी म्हटलं, जा की. पण आठ हजार खिशात ठेव. पैसे घेऊन काम देणारा तो निर्माता नव्हे. निर्माता तुला पैसे देतो, तू त्याला नव्हे. त्याला चित्रपटाचं नाव विचार, दिग्दर्शकाचं नाव विचार, कागद माग. कागद देईना तर पुढच्या गाडीनं परत ये. आणि खरोखर काम करायचं असेल तर एक तालीम धर. राज्य नाट्य स्पर्धा आहे, महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धा आहेत. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि पटकथा हातात घेतलेले दिग्दर्शक अशा स्पर्धांना मागच्या रांगेत येऊन बसतात. तिथं फोटो लागत नाहीत. आवाज लागतो, आणि दुसऱ्याचं वाक्य ऐकून घेण्याची सवय लागते.

त्यानं त्या दिवशी काय केलं ते मी विचारलं नाही. दिवाळीनंतर रात्री साडेनऊच्या गाडीला उतरलो, तर स्टेशनाजवळच्या शाळेच्या एका वर्गात दिवा दिसला. सात-आठ पोरं बाकं भिंतीला सरकवून उभी होती. एकाच्या अंगावर अजून किराणा दुकानातला सदरा होता, एक पोरगी खोपोलीच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेली. आमचा तो मध्ये उभा राहून कुणाला तरी सांगत होता, "तू लगेच बोलू नको. आधी तिचं ऐक, मग बोल." मला पाहून जरा लाजला. म्हणाला, "काका, शेवटची लोकल जायच्या आत संपवायचंय. तिला डोळवलीला सोडायचंय."